लाल यादी आणि कोलंबीचा घास

गेल्या वर्षी रमजान ईदला दहा-बारा दिवस असताना माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "आपा, यंदा आमच्याकडे शीरखुर्मा नाही हं. अम्मीला तूच समजावून सांग."

मला वाटले, घरात काही गमी झाली की काय. पण कारण वेगळेच होते. डोंबिवली पूर्वेला ती राहते त्या सोसायटीत एका लॅबचे शिबिर भरले होते. रक्ताच्या एका नमुन्यातून दोनशेहून अधिक पदार्थांची तपासणी, कोणते अन्न तुमच्या शरीराला "मानवत नाही" ते रंगांत छापून मिळणार. बहिणीचे पोट कायम फुगलेले, दोन वर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येईना. सात वर्षांच्या भाच्याला लहानपणापासून अंगावर खाज, थंडीत दमा. तिने दोघांचेही रक्त दिले. पैसे हजारोंच्या घरात गेले. आठवड्याने रंगीत रिपोर्ट आला. हिरवे म्हणजे खुशाल खा, पिवळे म्हणजे जपून, लाल म्हणजे बंद.

मुलाच्या लाल यादीत दूध, अंडे, गहू, मसूर, लसूण, बदाम अशी पंचवीस नावे होती. आईच्या यादीत गहू, दूध आणि तांदूळसुद्धा. शीरखुर्म्याचे काय राहिले मग? शेवया गव्हाच्या, दूध लाल, बदाम लाल. खारीक तेवढी हिरवी. अम्मी म्हणाली, "आमच्या रत्नागिरीकडे सात पिढ्या भात खाऊन मेल्या, त्यांना कुणी सांगितलं नाही."

अम्मीच्या बोलण्याला आम्ही हसलो. आता हसू येत नाही, कारण पुढे जे झाले ते लाल यादीमुळे नव्हे, हिरव्या यादीमुळे झाले.

शव्वालचा महिना, लग्नांचा हंगाम. मुंब्य्राला नात्यातला वलीमा होता. लाल यादीमुळे मुलाला बिर्याणीतले अंडे नको, नान नको, खीर नको. बिचारा सगळ्यांची ताटे बघत बसलेला. बहिणीला दया आली. कोलंबीचा मसाला वाढला जात होता आणि रिपोर्टात कोलंबी हिरवीगार होती. खरे तर आदल्या वर्षी कोलंबी खाल्ल्यावर त्याच्या ओठांना खाज आली होती. तेव्हा घरच्यांनी "उष्ण पडलं असेल" म्हणून सोडून दिले आणि नंतर ती त्याला फारशी दिलीच गेली नाही. आता तर कागदावर लिहून आले होते. तिने चार-पाच कोलंब्या त्याच्या ताटात घातल्या.

दहा मिनिटांत मानेवर गांधी उठल्या. मग ओठ सुजले, उलटी झाली, खोकला सुरू झाला आणि आवाज घोगरा झाला. कुणी लिंबूपाणी आणायला धावले, कुणी ॲलर्जीची गोळी शोधू लागले. नात्यातल्या एका नर्स मुलीने ओळखले आणि रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे मांडीत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन दिले, तेव्हा श्वास मोकळा झाला. रात्रभर ठेवून घेतले, कारण अशी प्रतिक्रिया शमल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकते.

ज्या रिपोर्टासाठी मुलाने ईदला शीरखुर्मा सोडला, त्याच रिपोर्टाने त्याला कोलंबी खाऊ घातली. हे कसे झाले, ते ठाण्याच्या एका ॲलर्जीतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावून सांगितले. तेवढ्यावर समाधान झाले नाही म्हणून मी नंतर बरेच वाचले. तेच आज मांडते आहे, कारण असे रिपोर्ट आता आपल्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत कपाटात ठेवलेले असतात.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट हातात घेतला. रंगांकडे त्यांनी पाहिलेही नाही. पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात छापलेल्या एका ओळीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते, आयजीजी. "इथेच सगळं आहे," त्या म्हणाल्या. "हा ॲलर्जीचा रिपोर्टच नाही."

आपल्या रक्तातल्या प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटिबॉडीजचे, पाच प्रकार आहेत. त्यांची नावे इंग्रजी अक्षरांवरून पडली आहेत: आयजीएम, आयजीजी, आयजीए, आयजीई आणि आयजीडी. नावे सारखी वाटली तरी कामे निरनिराळी. नवा जंतू आला की आधी धावतो तो आयजीएम. मागून येऊन वर्षानुवर्षे ओळख लक्षात ठेवतो तो आयजीजी. रक्तातल्या प्रतिपिंडांत सुमारे तीन चतुर्थांश हाच असतो आणि आईकडून नाळेतून बाळाकडे जातो तोही हाच. आयजीए आतडी, नाक, घसा, लाळ यांच्या ओल्या अस्तरांवर पहारा देतो. बाळंतिणीच्या पहिल्या चिकाच्या दुधात तो भरपूर असतो. आयजीडीचे इथे काम नाही. राहिला आयजीई. रक्तात तो आयजीजीच्या हजारो पट कमी, पण कोलंबीच्या चार घासांनी मुलाचा गळा आवळतो तो हाच.

हा आयजीई सापडण्याची गोष्ट माशापासूनच सुरू होते, म्हणून आम्हा कोकणी लोकांना ती आवडावी. 1921 साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात, जे आज पोलंडमध्ये व्रोत्सुआफ म्हणून ओळखले जाते, प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्युस्टनर यांना शिजवलेला मासा खाल्ला की गांधी उठत. प्राउस्निट्झ यांना माशाने काहीच होत नसे. त्यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, आपल्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागेवर गांध उठली. म्हणजे ॲलर्जी ज्याच्यामुळे होते ते काहीतरी रक्तात आहे आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे सिद्ध झाले. ते काहीतरी म्हणजे काय, हे कळायला आणखी 45 वर्षे गेली. 1966-67च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे जपानी दांपत्य किमिशिगे आणि तेरुको इशिझाका, आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिच यांनी ते वेगवेगळ्या वाटांनी शोधले. 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने त्याला आयजीई हे नाव मिळाले.

आयजीई रक्तात फार रेंगाळत नाही. तो कातडी, आतडी आणि श्वासनलिकेतल्या मास्ट नावाच्या पेशींना जाऊन चिकटतो. या पेशी हिस्टामिनने भरलेल्या असतात. ज्या पदार्थाविरुद्ध आयजीई बनला आहे तो पदार्थ आला आणि दोन शेजारच्या आयजीईंना एकदम जुळला, की पेशी फुटल्यासारखी रिकामी होते. गांधी, सूज, उलट्या, धाप हे सगळे त्यातून येते आणि काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत येते. वेळेची ही खूण फार मोलाची आहे. डॉक्टरबाई पहिला प्रश्न तोच विचारतात: खाल्ल्यापासून किती वेळाने?

आता आयजीजीकडे या. अन्नाविरुद्धचा आयजीजी, आणि त्यातही आयजीजी-फोर हा उपप्रकार, जवळपास प्रत्येक धडधाकट माणसाच्या रक्तात सापडतो. आपण जे रोज खातो त्याची शरीराने घेतलेली ती नोंद आहे. ज्या घरात रोज दूध, चपाती, मसुरीची डाळ आणि लसूण आहे, त्या घरातल्या मुलाच्या रिपोर्टात हीच नावे लाल येणार. आमच्या मुलाला कोलंबी फारशी दिलीच जात नव्हती, म्हणून ती हिरवी आली. रिपोर्ट खोटा नव्हता. तो त्याच्या ताटाचा हिशोब होता, आम्ही तो आजाराचा म्हणून वाचला.

उलट आयजीजी-फोर हा बऱ्याचदा सहनशीलतेचा साथी असतो. मधमाश्या पाळणाऱ्यांना वर्षानुवर्षे डंख बसतात. त्यांच्या रक्तात माशीच्या विषाविरुद्धचा आयजीजी-फोर खूप वाढलेला असतो आणि त्यांना त्या डंखांचे फारसे काही होत नाही. ॲलर्जीवर हळूहळू मात्रा वाढवत देतात त्या इंजेक्शनांनीही आयजीजी-फोर वाढतो. 2015 साली लंडनमधून एक प्रसिद्ध अभ्यास आला. इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे धोक्यातली, 640 बाळे त्यात होती. निम्म्यांना तान्हेपणापासून नियमाने शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत दिले नाहीत. सुरुवातीला कातडीच्या चाचणीत शेंगदाण्याला काहीच प्रतिसाद न देणाऱ्या मुलांमध्ये, न खाणाऱ्यांपैकी 13.7 टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली आणि खाणाऱ्यांपैकी फक्त 1.9 टक्क्यांना. आयजीजी-फोर कुणाचा वाढला? खाणाऱ्यांचा. त्यांची रंगीत तपासणी केली असती, तर शेंगदाणा लालभडक आला असता.

म्हणूनच युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 साली, आणि त्यानंतर अमेरिका व कॅनडातल्या संघटनांनीही स्पष्ट सांगितले, की अन्नाची ॲलर्जी वा असहिष्णुता ओळखण्यासाठी आयजीजी तपासणी वापरू नये.

मग लोकांना बरे का वाटते? हा प्रश्न मीही विचारला, कारण माझ्याच मजल्यावरच्या एका ताईंचे पोट अशी यादी पाळून खरोखर शांत झाले आहे. बऱ्याच वेळा कारण साधे असते. यादीत गहू आणि दूध जवळपास नेहमीच असतात. ज्याला दुधातली साखर पचत नाही त्याचे दूध बंद झाले की पोट हलके होणारच, पण त्यात प्रतिपिंडांचा काही संबंध नाही. तिथे कमतरता लॅक्टेज नावाच्या पाचकद्रव्याची असते. गव्हात, कांद्यात, लसणीत फ्रुक्टन नावाची शर्करा असते, तीही काहींच्या आतड्यात गॅस करते. शिवाय यादी मिळाली की बाहेरचे वडे, बिस्किटे, केक आपोआप सुटतात. पण सगळेच असे झटकून टाकता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. 2025 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, आतड्याच्या आयबीएस या विकाराच्या रुग्णांना 18 पदार्थांच्या आयजीजी चाचणीवरून आहार दिला. त्यांच्यापैकी सुमारे 60 टक्क्यांचे पोटदुखणे कमी झाले, खोट्या यादीवर ठेवलेल्यांपैकी सुमारे 42 टक्क्यांचे. म्हणजे एका विशिष्ट विकारात काही उपयोग असू शकेल. पण माझी नजर त्या 42 टक्क्यांवर अडकते. ज्यांना दिलेली यादीच बनावट होती, त्यांच्यातल्याही दहापैकी चौघांना बरे वाटले! आणि आयबीएसवरचा हा शोध दोनशे पदार्थांच्या यादीला किंवा खाज-दम्याच्या मुलाला लागू करता येत नाही.

तर मग सगळ्यांनी आयजीईच तपासून घ्यावा का? इथे डॉक्टरबाईंनी मला लगेच थांबवले. आयजीईच्या रिपोर्टातही फसण्याच्या जागा आहेत.

एकूण आयजीई वाढलेला आला की लोक घाबरतात. आपल्याकडे पोटातल्या जंतांनीही तो वाढतो. त्यावरून कोणते अन्न बाधते हे कळत नाही. बघायचा तो त्या-त्या पदार्थाविरुद्धचा आयजीई. तो केयू प्रति लीटर या एककात येतो आणि 0.35 ही जुनी सीमारेषा आजही बऱ्याच रिपोर्टांवर असते. पण ही रेषा ओलांडली म्हणजे ॲलर्जी झाली असे नाही. शरीर त्या पदार्थाला ओळखते एवढेच त्यातून कळते, त्याला डॉक्टर "संवेदनशील झाले" म्हणतात. कर्नाटकात प्रौढांवर झालेला एक मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलेले लोक 26.5 टक्के होते. लक्षणे आणि चाचणी दोन्ही जुळून खरी ॲलर्जी असण्याचा संभव किती जणांत होता? 1.2 टक्के. बाकीचे सगळे तेच अन्न मजेत खात होते. लक्षण नसताना शंभर पदार्थांचा आयजीई तपासणे म्हणजे घरात नसलेला चोर शोधायला सगळी कपाटे उलथणे. आकडा मोठा असेल तर ॲलर्जी असण्याचा संभव वाढतो, पण प्रतिक्रिया किती जोराची येईल हे आकडा सांगत नाही.

आमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गंमत निघाली, आणि ती डोंबिवलीतल्या प्रत्येक दमेकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. त्याच्या रक्तात कोलंबीचा आयजीई बराच वर होता आणि धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांचाही. कोलंबी, खेकडा, माइट आणि झुरळ ही नात्यातली मंडळी. सगळ्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे सारखेच प्रथिन असते, आणि ते शिजवूनही मोडत नाही. कोलंबीच्या ॲलर्जीचे मुख्य कारण हे प्रथिन आहे, हे 1993 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. व्ही. सुब्बा राव आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी दाखवले. त्यामुळे गाद्या-पडद्यांच्या धुळीने दमा उठणाऱ्या माणसाच्या रिपोर्टात कोलंबी "पॉझिटिव्ह" दिसू शकते, जरी तो आयुष्यभर जवळा खात आला असला तरी. अशाने रिपोर्ट पाहून जवळा सोडायची गरज नाही. आमच्याकडे मात्र कागदासोबत ओठांची खाज आणि वलीम्याची ती रात्रही होती. दोन्ही जुळले, म्हणून निदान झाले. (आम्ही डोंबिवलीकर खाज आणि खोकल्याचा दोष बिनधास्त एमआयडीसीच्या वासावर टाकतो. तिचा वाटा तिच्यापाशी, पण उशा-गाद्या उन्हात टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.)

कातडीवर थेंब टाकून टोचण्याची चाचणीही असते. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते, खर्च कमी. तिच्यासाठी सर्दी-खाजेच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. रक्ताच्या चाचणीला ते बंधन नाही, उपाशी राहण्याचेही नाही. खात्रीचा शेवटचा उपाय म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, सगळी तयारी ठेवून, तो पदार्थ थोडा थोडा वाढवत खाऊ घालणे. ते घरी करू नये. केस, नखे किंवा हाताची ताकद पाहून ॲलर्जी सांगणाऱ्यांबद्दल मी लिहून शाई वाया घालवत नाही.

मुलाचे दूध, अंडे, गहू यांचे आयजीई निरंक आले. तरी डॉक्टरबाईंनी एक सावधगिरी सांगितली. इसब असलेल्या मुलाला एखादा पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवला, तर शरीराची सवय मोडते आणि परत देताना खरी ॲलर्जी उभी राहू शकते. म्हणून अंडे त्यांच्या सल्ल्याने, आधी केकमध्ये, मग उकडून असे परत सुरू केले. तीन महिन्यांत त्याचे वजन दीड किलोने घटले होते. वाढत्या वयात दूध, अंडी, डाळ एकदम तोडले की दुसरे काय होणार?

आता बहिणीकडे वळू. मला स्वतःला तिचे प्रकरण जास्त शिकवून गेले.

डॉक्टरबाईंनी तिचे जुने कागद पाहिले. दोन वर्षे न वाढणारे हिमोग्लोबिन, पोट फुगणे, तोंड वरचेवर येणे. "तुमचा आयजीए कुणी बघितला का?" त्यांनी विचारले. गव्हाच्या बाबतीत एक आजार असा आहे, ज्यात प्रतिपिंडांची तपासणी खरोखर उपयोगाची ठरते. तो म्हणजे सीलिअॅक. गहू, जव, राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते, अस्तर झिजते आणि लोह शोषले जात नाही. गोळ्या कितीही घ्या. गहू आणि या आजाराचे नाते डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले उलट सुधारली, हे त्यांच्या नजरेने टिपले होते. आजच्या चाचणीत टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या आपल्याच शरीरातल्या द्रव्याविरुद्धचा आयजीए मोजतात. ते द्रव्य 1997 साली ओळखले गेले. सोबत एकूण आयजीएही मोजावा लागतो, कारण काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच नसतो आणि मग चाचणी खोटा दिलासा देते. सीलिअॅकच्या रुग्णांत अशांचे प्रमाण शंभरात दोन-तीन आहे.

हा आजार आपला नव्हे असे कोकणी माणसाला वाटते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतात त्याचे प्रमाण 1.23 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळले. गहू खाणाऱ्यांत जास्त, भात खाणाऱ्यांत कमी. पण डोंबिवलीतला कोकणी माणूस आता भात खातो कुठे? सकाळी पाव, डब्यात चपाती, संध्याकाळी चहासोबत खारी, रात्री नूडल्स.

अडचण पुढेच होती. ही चाचणी गहू खात असतानाच करायची असते. गहू बंद केला की प्रतिपिंडे ओसरतात आणि आजार असला तरी रिपोर्ट स्वच्छ येतो. बहिणीने रंगीत यादी पाहून चार महिने गव्हाचा कण खाल्ला नव्हता. म्हणजे चुकीच्या चाचणीने बरोबर चाचणीची वाट अडवली होती. आता तिला दिवसातून दोन वेळा तरी चपाती किंवा पाव खायचा आहे, किमान सहा आठवडे, आणि मग रक्त द्यायचे. पोट पुन्हा फुगते आहे. ती रोज फोन करून कुरकुरते आणि मी रोज तेच ऐकून घेते.

"आपा, सीलिअॅक निघालं तर?"

"तर जन्मभर गहू बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळाची भाकरी. अम्मीच्या सात पिढ्यांचं जेवण."

"आणि नाही निघालं तर?"

"तर कारण दुसरीकडे शोधायचं. बाईच्या अंगातलं रक्त कमी असायला कारणं काय थोडी आहेत?"

मुलाच्या दप्तरात आता एक कागद असतो. शाळेला आणि रिक्षावाल्या काकांना त्याची प्रत दिली आहे. कोलंबी, जवळा, खेकडा, शेवंड बंद. बाजारच्या पाकिटावर बघायचे काय, तेही त्यात लिहिले आहे. आपल्या देशात 2020च्या लेबल नियमांनुसार कोलंबी-खेकड्यासारखे कवचवाले प्राणी, मासे, दूध, अंडी, ग्लूटेनची धान्ये, शेंगदाणे व सुका मेवा, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणावर सल्फाइट असल्यास पाकिटावर वेगळे सांगावे लागते. ते ठळक अक्षर शोधायला मुलगा स्वतःच शिकला आहे. गांधीसोबत श्वास, आवाज, उलटी किंवा चक्कर यांतले काही दिसले, तर गोळीची वाट बघायची नाही, मुलाला उभे करून चालवायचे नाही, 108ला फोन करायचा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात न्यायचे आणि दारातच "ॲनाफिलॅक्सिस" हा शब्द उच्चारायचा. घरी वापरायचे ॲड्रेनालिनचे तयार पेन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, म्हणून कोणत्या रुग्णालयात आपत्कालीन विभाग रात्रीही चालू असतो हे बहिणीने आधीच विचारून ठेवले आहे.

रंगीत रिपोर्ट तिने अजून फाडलेला नाही. डॉक्टरबाईंनीच ठेवायला सांगितला, मुलगा पूर्वी काय खात होता याची नोंद म्हणून. बहिणीचे सहा आठवडे येत्या सोमवारी पुरे होतात. सकाळी दहा वाजता रक्त द्यायचे आहे. मी पहिल्या लोकलने तिच्याकडे जाणार आहे. तोवर तिच्या घरी सकाळ-संध्याकाळ चपात्या लाटल्या जात आहेत, आणि भाच्याने आताच विचारून ठेवले आहे, की बकरीदेला शीरखुर्मा करायला काय हरकत आहे.